बासन, पिशवी आणि पॅकेज



या व्याख्यानमालेत आपण आजवर राजवटींचा इतिहास ऐकला, विचारांचा ऐकला, चळवळींचा ऐकला. आज एका कामाचा इतिहास ऐकायचा आहे. काम असं, की नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं की सगळे ओरडतात. मुक्त सॉफ्टवेअर तपासायचं, बांधायचं, त्यावर नाव-गाव-अटी लिहायच्या आणि ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर लोकांच्या संगणकापर्यंत पोचवायचं, हे ते काम. जगभर त्याला पॅकेजिंग म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या आम्हां लोकांनी या भानगडीत कशाला पडावं, असं काहींच्या मनात आलं असेल. उत्तर सोपं आहे. या कामाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: ज्याला आपण कधी पाहिलेलं नाही, त्याच्या शब्दावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? आपल्या न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलं आहे, पण ते कुणाच्याही शब्दाला लागू नाही. आप्ताच्या शब्दाला आहे. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायनांनी दोन अटी सांगितल्या. त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत असली पाहिजे, आणि ती जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. पुढे ते असंही म्हणतात, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे माणूस कुठला, हे बघायचं नाही. जाण आहे का आणि नियत साफ आहे का, एवढंच बघायचं. या दोन अटी लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

बासनाचं काम

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब, आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. त्यांच्या दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हा समास वाचताना नवीन वाचक चकित होतो. अक्षर वाटोळं असावं, ओळी सरळ असाव्यात, पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच हातानं लिहिल्यासारखं दिसावं, समास किती सोडावा, बोरू कसे, शाई कशी, हे सगळं तिथं आहे. आणि शेवटाकडे येतात बासनं, मेणकापडं, पेट्या, कुलपं.

आज 'बासनात गुंडाळणे' याचा अर्थ आपण 'प्रकरण बाजूला टाकणे' असा करतो. मूळ अर्थ बरोबर उलटा होता. पोथी टिकावी, पावसात भिजू नये, एका मठातून दुसऱ्या मठात सुखरूप जावी म्हणून बासन. ग्रंथ रचणारा एक, नक्कल करणारा दुसरा, बांधून नेणारा तिसरा. आपण इतिहासात पहिल्याचं नाव घेतो. पण मराठी वाङ्मय आपल्यापर्यंत पोचलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या हातांनी. आणि पाठभेद, गळलेल्या ओव्या, घुसलेल्या ओव्या, हेही त्याच हातांनी झालं.

सॉफ्टवेअरच्या इतिहासातही नेमकं हेच झालं आहे. लिहिणाऱ्यांची नावं गाजली. बांधणाऱ्यांची गाजली नाहीत.

ढीग आणि व्यवस्था

२७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषणा केली, की आपण एक संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणार. तिचं नाव ग्नू. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. वापरायची मोकळीक, आतलं वाचायची मोकळीक, बदलायची मोकळीक आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक. पैशाचं म्हणाल, तर स्टॉलमन स्वतः त्यांच्या ईमॅक्स या संपादकाची टेप १५० डॉलरला विकत असत. टेपचे, श्रमाचे पैसे घ्या, पण घेणाऱ्याचे हात बांधू नका, असा तो विचार. १९८९ मध्ये तो जीपीएल या परवान्यात कायद्याच्या भाषेत उतरला. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स कर्नल जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएलखाली आणला.

आता अडचण बघा. कर्नल एकीकडे, ग्नूची अवजारं दुसरीकडे, खिडक्या दाखवणारी व्यवस्था तिसरीकडे. प्रत्येकाचा सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेली मूळ संहिता, वेगवेगळ्या ठिकाणी. ती उतरवायची, आपल्या यंत्राला चालेल अशी घडवायची, एकाला दुसरं जुळवायचं. हे ज्याला जमेल त्यालाच ते स्वातंत्र्य. कागदावर सगळ्यांना मोकळीक आणि व्यवहारात मूठभरांना. अधिकार आणि सामर्थ्य यांतलं हे अंतर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नवीन नाही.

हे अंतर भरून काढायला वितरणं आली. १९९२ मध्ये पीटर मॅक्डोनाल्ड यांचं एसएलएस आलं. त्यात चुका फार होत्या. त्याला वैतागून १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी स्लॅकवेअर काढलं आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयन मरडॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं डेबियन जाहीर केलं. नावात मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयन, दोन्ही आले. मरडॉक यांच्या जाहीरनाम्यातला मुद्दा असा, की वितरण बांधणं हे दिसायला मोठं काम नाही, पण लिनक्सचं भवितव्य त्यावर ठरणार आहे. तेव्हा ते एकट्यानं न करता उघडपणे, पुष्कळांनी मिळून करावं. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा माणूस असावा आणि सगळे मिळून एका नियमावलीनं चालावेत.

१९९४ पासून डीपीकेजी हे त्यांचं अवजार घडत गेलं. रेड हॅट या कंपनीनं १९९५ च्या सुमारास आरपीएम हे स्वतःचं अवजार आणलं. जून १९९६ मध्ये डेबियनची १.१ आवृत्ती निघाली तेव्हा तीत ४७४ पॅकेजेस होती. १९९९ मध्ये ॲप्ट आलं. त्यानं मोठीच सोय केली: एक पॅकेज मागितलं की त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस आपोआप शोधून आणायची. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत पॅकेजेसची संख्या ६४,००० च्या पुढे गेली होती. सांभाळणारे हजाराच्या आसपास अधिकृत सदस्य आणि त्यांच्याखेरीज पुष्कळ मदतनीस. त्यांतले बहुतेक वेतनाशिवाय काम करणारे.

पिशवीवरचं लेबल

आता पॅकेजच्या आत काय असतं ते बघू. जालन्यात हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत, कारण आपलं गाव बियाण्याचं आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली आणि त्यानंतर जालना म्हटलं की बियाणं हे समीकरणच झालं.

बियाण्याची पिशवी हातात घेतली की आपण आधी काय बघतो? पीक, वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, मुदत, कुणी तयार केलं. प्रमाणित बियाणं असेल तर निळा टॅग. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर ही शिस्त लागली. पॅकेजमध्येही अशीच एक छोटी फाइल असते. नाव, आवृत्ती, कुठल्या यंत्रासाठी, कुठल्या दुसऱ्या पॅकेजेसवर अवलंबून, कशाशी पटत नाही, आणि सांभाळणाऱ्याचं नाव व पत्ता. शिवाय परवाना काय आहे आणि हक्क कुणाचे, याचा कागद प्रत्येक पॅकेजमध्ये सक्तीचा.

इथपर्यंत साम्य सरळ आहे. खरी मेख पुढे आहे. पिशवीत संकरित वाण असेल, तर शेतकऱ्याच्या हातात बी येतं, पण त्या बीचे आई-बाप, म्हणजे नर आणि मादी ओळी, कंपनीकडेच राहतात. आलेल्या पिकातलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक फाटतं, एकसारखं येत नाही. बंद सॉफ्टवेअर तसं आहे. चालतं छान, पण ज्यापासून ते घडलं ती संहिता आपल्याकडे नाही. सरळ वाण असेल, समजा सोयाबीन, तर घरचं बी राखता येतं, निवडता येतं, शेजाऱ्याला देता येतं. मुक्त सॉफ्टवेअर हे सरळ वाणासारखं आहे. म्हणून डेबियनचा नियम असा, की नुसती घडवलेली वस्तू द्यायची नाही. प्रत्येक पॅकेजबरोबर त्याची मूळ संहिता आणि ती घडवण्याची कृतीही द्यायची.

जुलै १९९७ मध्ये ब्रूस पेरेन्स यांच्या पुढाकारानं डेबियननं 'सामाजिक करार' मंजूर केला. रूसोचं नाव आठवावं असाच शब्द. त्यात वापरणाऱ्यांना दिलेली वचनं आहेत: डेबियन मुक्त राहील, दोष लपवणार नाही, वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना अग्रक्रम राहील. सोबत मुक्त कशाला म्हणायचं याचे निकष जोडले. पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आला तेव्हा त्याची व्याख्या या निकषांवरूनच बेतली गेली. म्हणजे मुक्तस्रोत कशाला म्हणायचं हे ठरलं ते बांधणाऱ्यांच्या आखाड्यात. आत काय घ्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न रोज त्यांच्यासमोरच येत होता.

आपल्याकडे २००१ मध्ये पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क आहे. अट एकच, ब्रँडेड बियाणं म्हणून विकायचं नाही. म्हणजे बी तुमचं, पण दुसऱ्याचं नाव आणि छाप तुमची नाही. गंमत बघा, हाच वाद डेबियनमध्ये २००६ मध्ये उभा राहिला. फायरफॉक्स हा ब्राउझर मुक्त होता, पण त्याचं नाव आणि चिन्ह मोझिलाच्या मालकीचं. मोझिलाचं म्हणणं, आमचं नाव लावायचं तर आमचं चिन्ह लावा आणि बदल आम्हाला दाखवा. डेबियनचं म्हणणं, चिन्हाचा परवाना मुक्त नाही, आणि जुन्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आम्हाला वेळेवर करायच्या असतात. तडजोड झाली नाही. डेबियननं तोच ब्राउझर आइसवीझल या नावानं दिला. दहा वर्षं हे चाललं. २०१६ मध्ये समेट झाला आणि मूळ नाव परत आलं. दोन्ही बाजूंना आपापलं कारण होतं. नावाची विश्वासार्हता जपायची की बदलाचं स्वातंत्र्य, हा पेच खोटा नव्हता.

मराठीचं काय झालं

आता आपल्या घरचा इतिहास.

नव्वदच्या दशकात मराठी संगणकावर आली ती छपाईच्या गरजेतून. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव ही नावं प्रत्येक डीटीपीवाल्याला पाठ. प्रत्येक फाँटची आतली मांडणी वेगळी. एका फाँटात लिहिलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, की समोर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. बासन शाबूत आणि आतली पोथी वाचता येत नाही, अशी अवस्था.

प्रमाणं नव्हती असं नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये ठरला. इस्की हे भारतीय लिप्यांचं संकेतन १९८८ मध्ये आलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. पुण्याच्या सी-डॅकचं या क्षेत्रातलं काम मोठं आहे. युनिकोडनं १९९१ मध्ये देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. पण प्रमाण ठरणं वेगळं आणि जालन्यातल्या संगणकावर ते चालणं वेगळं. मध्ये फाँट लागतो, अक्षरं जुळवणारं यंत्र लागतं, कळफलकाचा आराखडा लागतो, तारीख आणि क्रमवारी कशी लावायची याची माहिती लागते, भाषांतर लागतं. आणि हे सगळं एकत्र बांधून आणणारा लागतो.

लिनक्स आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिलं ते पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर. अतुल चिटणीस यांचा त्यात मोठा वाटा. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून थेंबाथेंबानं यायचं. सीडी हेच बासन होतं. मुंबईत व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी इंडलिनक्स हा प्रकल्प सुरू केला, भारतीय भाषा लिनक्सवर आणायच्या म्हणून. आणि २००४ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली. रेड हॅटनं लोहित नावाचे फाँट जीपीएलखाली खुले केले. ते मुळात तयार केले होते मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीनं. श्रीलिपीवाली ती हीच. लोहित म्हणजे तांबडा, रेड हॅटच्या नावाला जुळणारा. सुरुवातीला हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी आणि तमिळ होते, मराठी नंतर आली. २०११ मध्ये हे फाँट खास फाँटांसाठी असलेल्या ओएफएल परवान्याखाली आले.

परवाना खुला झाल्यावर काय झालं ते बघा. फेडोराच्या लोकांनी त्याचं आरपीएम केलं, डेबियनच्या लोकांनी त्यांचं पॅकेज केलं, डेबियनवरून बेतलेल्या उबुंटूत ते आपोआप गेलं. सी-डॅकनं २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम काढली. कुणी कुणाकडे परवानगीचा अर्ज केला नाही. पूर्वी एका संगणकावर मराठी दिसण्यासाठी एक संच विकत घ्यावा लागे. आता ती व्यवस्थेबरोबरच यायला लागली.

आणि तरी मराठीला स्वतःचा आग्रह धरावा लागलाच. देवनागरी म्हणजे हिंदी, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण वेगळं आहे, म्हणून फेडोरात लोहित मराठी हे वेगळं पॅकेज राहिलं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर प्रवचन होईल आणि 'आचाऱ्यांना' बोलावलं तर जेवण होईल. हा अर्धा 'र' फाँटात नसेल तर अर्थच बुडाला. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी लोक 'अ' टाकून त्यावर चंद्र देत. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून 'ॲ' आणि 'ऑ' यांना जागा दिली. पण निर्णय मंत्रालयात झाला म्हणून तो फाँटात उतरत नाही. फाँट करणारा तो चिन्हाकार काढतो, जुळणीचं यंत्र लिहिणारा नियम घालतो, पॅकेज सांभाळणारा नवी आवृत्ती बांधतो, आणि मगच शाळेतल्या संगणकावर 'ॲ' दिसतो. साखळीतला एक जरी थांबला तरी अक्षर अडकतं.

इथे शेजाऱ्याकडे बघायला हरकत नाही. केरळनं शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेटानं आणलं. शिक्षकांना शिकवलं, शाळांसाठी स्वतःचं लिनक्स वितरण बांधलं. स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या स्वयंसेवी गटानं मल्याळम फाँट केले आणि ते डेबियनमध्ये पॅकेज होऊन पोचले. २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद भारतात पहिल्यांदा भरली ती कोचीत, हा योगायोग नाही. महाराष्ट्रात पुण्यासारख्या शहरात कंपन्यांमध्ये हे काम जाणणारे अभियंते पुष्कळ. पण कंपनीत पगारावर होणारं काम आणि समाजानं आपलं म्हणून सांभाळलेलं काम यांत फरक पडतो. कंपनीची गरज बदलली की माणूस दुसऱ्या कामावर जातो. मग मराठीचं पॅकेज कुणाच्या नावावर?

दोन अटी, दोन अपघात

आता सुरुवातीच्या आप्ताकडे येऊ.

२००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या पॅकेजात एक बदल झाला. हे पॅकेज गुप्त किल्ल्या तयार करतं. तपासणीचं एक अवजार सारखं इशारे देत होतं, म्हणून सांभाळणाऱ्यानं ज्या ओळींमुळे इशारे येत होते त्या काढल्या. हेतू स्वच्छ होता. पण त्यांतली एक ओळ यदृच्छेचं, म्हणजे अंदाज न लागण्याचं, मूळ पुरवणारी होती. परिणाम असा, की एका प्रकारच्या आणि मापाच्या किल्ल्या अगणित निघायला हव्या होत्या, त्या फक्त ३२,७६८ निघू लागल्या. एवढ्या तर संगणक सहज आजमावून बघू शकतो. हे उघड झालं १३ मे २००८ रोजी. जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. इथे नियत होती, जाण कमी पडली. आप्ताची पहिली अट तुटली.

दुसरा प्रसंग अलीकडचा. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. ते एकटाच माणूस वर्षानुवर्षं सांभाळत होता, थकलेला होता. 'जिया तान' हे नाव लावणारं कुणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले. आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. कसा, ते बघा. उघड्यावर असलेल्या संहितेत पूर्ण सापळा नव्हता. तो सुरू करणारा तुकडा पॅकेज करणाऱ्यांसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातच होता. आणि तो तुकडा आधी तपासत होता, की आपल्याला डेबियन किंवा आरपीएम पॅकेज म्हणून बांधलं जातंय का. बांधणाऱ्याच्या हातातूनच विष पोचवायचा तो बेत होता. २९ मार्च २०२४ रोजी आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं तो पकडला. दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या शंकेवरून. तोवर ते डेबियनच्या चाचणी शाखांत पोचलं होतं, स्थिर आवृत्तीत नव्हतं. इथे जाण भरपूर होती, नियत नव्हती. दुसरी अट तुटली.

काहीजण म्हणतात, बघा, उघडं ठेवलं म्हणून चोर शिरला. आमचं म्हणणं वेगळं आहे. चोर शिरला तो एकट्या माणसावर सगळा भार टाकला म्हणून. आणि सापडला तो आतली संहिता कुणालाही बघता येत होती म्हणून. फ्रॉइंड यांना परवानगी मागावी लागली नाही.

इथे न्यायदर्शनाच्या पुढे एक पाऊल पडतं. आप्ताचा शब्द प्रमाण, पण तो तपासायची वाटही मोकळी हवी. सोयाबीनचं घरचं बी पेरण्याआधी कृषी खात्याची माणसं काय सांगतात? शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर मांडा, किती उगवतात ते बघा. सत्तर उगवले तर पेरा. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही, शेतकरी स्वतः करतो. डेबियनमध्ये २०१३ पासून असंच एक काम चाललं आहे. तीच संहिता, तीच कृती घेऊन दुसऱ्या कुणीही पॅकेज बांधलं तर ते अक्षर न् अक्षर तसंच आलं पाहिजे. नाही आलं, तर मध्ये काही मिसळलं आहे का, हे तपासायचं. बांधणाऱ्यावर विश्वास ठेवा, पण त्याला न दुखावता त्याचं काम पडताळूनही बघा, अशी ही सोय आहे.

आता एवढंच सांगायचं आहे. आपण मराठी भाषेच्या भवितव्यावर पुष्कळ भाषणं ऐकतो. शाळा, अभिजात दर्जा, पाट्या, हे विषय महत्त्वाचेच आहेत. पण उद्या मराठी जिथं लिहिली, वाचली, शोधली जाणार आहे त्या यंत्रातली मराठी मोजक्या हातांत आहे. शुद्धलेखन तपासणीची शब्दसूची, फाँट, कळफलक, भाषांतरं, हे सगळं पॅकेजेस म्हणून राहतं. त्या प्रत्येकावर सांभाळणाऱ्याचं नाव असतं. कधीकधी तिथं 'हे पॅकेज अनाथ आहे' अशी नोंदही असते. डेबियनमध्ये तसा अधिकृत शब्दच आहे. अनाथ पॅकेज कुणीही दत्तक घेऊ शकतं. त्याला जालन्यात राहून चालतं, पदवी लागत नाही, चिकाटी लागते. आणि दत्तक घ्यायचं नसेल, तर निदान एखादं अक्षर चुकीचं दिसलं की त्याची नोंद पाठवा. कुरकुर चहाच्या टपरीवर विरून जाते, नोंद राहते आणि कधीतरी कुणाच्या तरी हातून दुरुस्त होते.

*(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं: सर, फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही, असा अनुभव आहे. मग हे टिकणार कसं?)*

प्रश्न बरोबर आहे. पण फुकट काहीच नाही. कुणीतरी रात्री जागून काम केलेलं असतं, आपण पैसे दिले नाहीत एवढंच. गावातली विहीर सगळ्यांची असते, पाणी भरायला पैसे पडत नाहीत. पण दरसाल गाळ कुणी काढला नाही तर ती बुजते. गाळ काढणाऱ्याला पैसे द्यायचे, की पाळीपाळीनं सगळ्यांनी उतरायचं, हे गावानं ठरवावं. केरळनं सरकारी खर्च आणि स्वयंसेवा दोन्ही वापरलं. आपण निदान ठरवायला तरी बसू या. विहीर बुजल्यावर बैठक घेण्यात अर्थ नाही.